राक्षसाची दाढ कोणत्या बाजूची?

मी एक पडदा बोलतोय. सिनेमाचा. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. पोंभुर्ण्याकडच्या त्या गावातला खेळ १९९३ च्या हिवाळ्यात झाला की १९९४ च्या, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तशी छाती मला नाहीच. थंडी होती, एवढं नक्की. आता थंडी म्हणजे काय, तर मी हलत होतो. तो वाराही असू शकेल.

दुसरी अडचण याहून मोठी. मी आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही. सिनेमा माझ्यावर पडतो. ज्याच्या अंगावर गोष्ट घडते, त्याला ती दिसत नाही. मला ऐकू येतो भोंगा आणि दिसतात माणसांचे चेहरे. सिनेमाबद्दलचं माझं सगळं ज्ञान त्या चेहऱ्यांवरून काढलेलं आहे. ते चुकीचं असेल तर दुरुस्त करून घ्यावं.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका शिंप्याकडे झाला. ज्या खात्यासाठी मला शिवलं, त्याचं नाव घेत नाही. उगाच कुणाला वाईट वाटायचं. कागदावर मी जाड, दुपदरी कापडाचा आहे. प्रत्यक्षात मी एकपदरी मांजरपाट. दुसरा पदर कुठे गेला, ते मला माहीत नाही. त्या वेळी मी दोन तुकड्यांत होतो आणि माझी मन:स्थिती ठीक नव्हती. पण त्या बचतीचा एक परिणाम झाला. माझ्यावर पडलेलं चित्र मागूनही दिसू लागलं, फक्त उलटं. मला पाठ अशी राहिलीच नाही, दोन्हीकडे तोंडच झालं.

मग माझं शिक्षण सुरू झालं. हिवताप, निर्धूर चूल, धान्याची कोठी, पोस्टातली बचत, लहान कुटुंब. इतकं ज्ञान माझ्यावर पडलं की माझ्यासारखा उच्चशिक्षित पडदा दोन जिल्ह्यांत नसेल. हिवतापाच्या सिनेमाला सगळ्यात जास्त गर्दी डासांची असे. लहान कुटुंबाच्या सिनेमाला पुरुष जमिनीकडे बघत आणि बाया पुरुषांकडे. एवढं शिकूनही मला एक गोष्ट कळली नव्हती. माणसं हसताना कशी दिसतात? आमच्या खात्याच्या सिनेमांत तशी सोयच नव्हती.

तेवढ्यात वरून कुठून तरी एक बालचित्रपट आला. ‘राक्षसाची दाढ’. एका राक्षसानं राजपुत्राला खाण्यासाठी पळवून आणलेलं असतं. पण त्याची दाढ ठणकत असते, त्याला चावताच येत नाही. राजपुत्राला सोडवायला राजकन्या निघते, बरोबर एक बोलणारं गाढव. करार असा ठरतो, की दाढ उपटून द्यायची आणि राजपुत्राला घेऊन जायचं. डब्यावर लिहिलं होतं, ‘वयोगट सहा ते चौदा’.

हा डबा, मी, एक जनरेटर, मशीन चालवणारा चैतू आणि आमचे साहेब अशी आमची गाडी त्या गावी पोहोचली. गाव तळ्याकाठचं, मासे धरून आणि थोडी शेती करून जगणारं. गावात तेव्हा दोन पार्ट्या होत्या. दोन सालांआधी तळ्यात पहिलं जाळं कुणी टाकायचं यावरून वरचा टोला आणि खालचा टोला, म्हणजे वरची आणि खालची वस्ती, असे दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन उभे राहिले होते. त्या भांडणात सगळे मासे वाचले. वरच्या टोल्याचे पुढारी बापूजी. त्यांनी फर्मान काढलं होतं, की आपला जो माणूस खालच्या टोल्यात पाय ठेवील, त्याचं जाळं तळ्यात पडणार नाही. खालच्यांनीही तसंच ठरवलं होतं. या एका बाबतीत गावात पूर्ण एकमत होतं.

यात अडकला होता इस्तारी. राहणारा वरच्या टोल्याचा. बायको वारलेली. एकुलती एक लेक वच्छला खालच्या टोल्यात दिलेली. तिला मुलगा झाला, तो आठ-नऊ महिन्यांचा झाला, पण आज्यानं नातवाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण जाळं बंद झालं तर इस्तारी खाणार काय? चैतू मला दोन झाडांना बांधत असताना इस्तारी त्याला दोर धरून मदत करत होता. एक गाल सुजलेला. त्यानंच हे सगळं सांगितलं.

चैतू म्हणाला, "मंग पोट्टा कोनावर गेला, ते बी माहीत नाई तुले?"

"रडते जोरानं, तेवढं माहीत हाय. तळ्यावर ऐकू येते. आवाज माह्यावर गेला."

"आन गालाले काय झालं?"

"दाढ. तिले बी कोनत्या पार्टीत जावं समजून नाई राह्यलं. कधी वर ठनकते, कधी खाली."

दिवेलागणीला वरचा टोला येऊन माझ्या समोर बसला. खालच्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या शेजारी बसायला साफ नकार दिला. ते वळसा घालून माझ्या मागच्या बाजूला तळ्याच्या पाळीवर जाऊन बसले. दोन पार्ट्यांच्या मध्ये मी, एकपदरी.

साहेबांनी भोंगा हातात घेतला. "हा चित्रपट सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी आहे. मोठ्यांनी कृपया घरी जावं."

कोणी हललं नाही.

"चौदाच्या आतले कोण कोण आहेत? हात वर करा."

दोन्ही बाजूंनी सगळे हात वर झाले. इस्तारीचाही.

"अहो, तुम्ही? तुम्हाला तर मिशा आहेत!"

"लवकर आल्या जी, साहेब. मी तेरा सालचा हाव. दुखल्यानं जास्त दिसून राह्यलो."

साहेबांनी वहीत नोंद केली, ‘प्रौढ प्रेक्षक: निरंक.’ आणि खेळ सुरू झाला.

पहिल्यांदा सगळे हसले तेव्हा मी घाबरलो. मला वाटलं, माझ्या पोटावरचा चहाचा डाग त्यांना दिसला. मधल्या शिवणीकडे बघून हसताहेत, असंही वाटून गेलं. मग राक्षस कण्हायचा तेव्हाच ते हसतात, हे ध्यानात आलं. राक्षस गाल धरून म्हणायचा, "हळूच खातो रे, तू जरा मऊ हो ना!" आणि पोरं लोळायची. आता पोरं लोळणार, हे डब्यावरच्या वयोगटावरूनही कळलं असतं. पण पोरं हसत होती राक्षसाच्या कण्हण्याला आणि म्हातारे हसत होते त्या कण्हण्याच्या खरेपणाला. बाया हसत होत्या ते वेगळ्याच कारणानं. राजपुत्र पिंजऱ्यात बसून "आई, मला काढ" म्हणून रडत होता, आणि राजकन्या त्याला सांगत होती, "गप्प बस, मी काम करतेय." त्या वाक्याला मागच्या बाजूनं वच्छला एवढ्या मोठ्यानं हसली, की तिच्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं.

समोर बसलेल्या इस्तारीचं हसणं मध्येच थांबलं. तो माझ्याकडे बघू लागला. म्हणजे माझ्यातून पलीकडे. मी पातळ असलो तरी एवढा पातळ नाही.

सिनेमा रंगात आला. पुढचं पोरं ओरडून एकमेकांना सांगत होती, म्हणून मला कळलं. राक्षसाच्या दाढेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक गाढवाच्या शेपटीला. राजकन्येनं मिरचीची पूड हातात घेतली. गाढव म्हणालं, "माझा काय गुन्हा?" आणि जनरेटर बंद पडला.

अंधारात चैतू जनरेटरशी झटापट करू लागला. मग बापूजी म्हणाले, "दाढ निंघालीच समजा. उजवीकडची हाय, किडलेली. निंघते."

माझ्या मागून आवाज आला, "उजवी नाई, डावी! डोये फुटले का?"

"तुमचे फुटले! आमी समोर बसून हाव!"

"समोर आमी हाव!"

बघता बघता दोन्ही टोले उभे राहिले. कोणी काठीची आठवण काढली. साहेब मधोमध येऊन ओरडू लागले, "शांत राहा, ती काल्पनिक दाढ आहे!" त्यावर दोन्ही बाजू एकदमच त्यांना म्हणाल्या, "तुमी चूप बसा जी." मला सांगायचं होतं, की दोघंही खरं बोलताय, दोष माझ्या एका पदराचा आहे. पण मला बोलता येत नाही आणि येत असतं तरी मी खात्रीनं काही बोललो नसतो.

शेवटी बापूजींनी तोडगा काढला. "आपला एक मानूस तिकडून पायते. त्याइचा एक इकडून पायते. इस्तारी, तू जा."

"मी? खालच्या टोल्यात? मंग जाळं?"

"हे टोल्यात जानं नाई. हे तपासनी हाय. दाढीचं... दाढंचं दुखनं तुले सगळ्यात जास्त समजते. जा, पायून ये. आन खरं सांगजो."

खालच्यांनी वच्छलेच्या नवऱ्याला, प्रफुल्लला, इकडे धाडलं. तो वळसा घालून, मान ताठ करून आला. इस्तारीला मात्र वळसा घालण्याइतका दम नव्हता. त्यानं माझी खालची कड उचलली आणि वाकून पलीकडे गेला. त्याची टोपी मला घासली. एवढा कमी वेळ लागतो, हे दोन सालांत कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

चैतूनं दोरी ओढली, जनरेटर सुरू झाला, माझ्यावर उजेड पडला. त्या उजेडात मला मागचे चेहरे दिसले. इस्तारी वच्छलेच्या शेजारी उभा होता. ती त्याच्याकडे न बघता जरा सरकली. तो बसला.

"बाबा, गाल काऊन सुजला?"

"दाढ हाय. तू पाय ना सिनेमा."

"मी तं पाहूनच राह्यली. तुमी कुठी पाहून राह्यले?"

तिनं पोर उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरानं आज्याचा अंगठा धरला आणि सरळ तोंडात घातला.

"अरे! चावते हा! दात आले का याले?"

"दोन. खालचे."

"दाखव, दाखव."

माझ्यावर गाढव धावत होतं, दाढ निघत होती, दोन्ही टोले आरडाओरडा करत होते आणि ज्याला तपासणीला पाठवलं होतं, तो पोराचं तोंड उघडून आत बघत होता. पुढून बापूजींनी हाक मारली, "इस्तारी! सांग ना गा! कोन्या बाजूची?"

"थांबा जी, बापूजी! अजून नक्की नाई! पाहून राह्यलो!"

"निंघाली ना दाढ!"

"निंघाल्यावर जागा दिसते! थांबा!"

सिनेमा संपेपर्यंत त्यानं तीन-चार वेळा तरी हेच सांगितलं. पलीकडे प्रफुल्लही बापूजींच्या शेजारी बसून हसत होता आणि हसतोय हे आपल्या लोकांना कळू नये म्हणून अधूनमधून खोकत होता.

खेळ संपल्यावर साहेबांनी विचारलं, "या चित्रपटातून आपण काय शिकलो?"

बापूजी म्हणाले, "दाढ दुखली तं डाक्टरपेक्षा गाढव बरं."

आणि इस्तारीनं मागूनच आपला अहवाल दिला. "एकदा पाहून समजत नाई, बापूजी! इकडच्या लोकाइले इचारा लागन. उद्या दिवसा येऊन इचारतो!"

बापूजी काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. चैतू माझे दोर सोडत होता. माझी घडी झाली आणि मी गाडीत गेलो. तो दुसऱ्या दिवशी गेला का, त्याचं जाळं चालू राहिलं का, हे मला कळलं नाही. त्याची काळजी मी पुष्कळ वर्षं केली. काळजी मला चांगली जमते.

‘राक्षसाची दाढ’ पुढच्या वर्षी बंद झाला. चौकशी समितीचं मत पडलं, की चित्रपटातली दंतविषयक माहिती शास्त्रीय नाही आणि गाढव बोलल्यानं अंधश्रद्धा वाढते. त्यानंतर गावोगावी टीव्ही आले, सीडी आल्या. मला मोडीत काढलं. काही दिवस मी एका जीपवर पांघरूण होतो. मग मूल गावच्या एका मंडपवाल्यानं मला घेतलं. हल्ली मी नाटकाच्या तंबूची एक भिंत असतो. आतून नाटक, बाहेरून चहा आणि शेंगदाणे. पाच-सहा ठिकाणी फाटलोय, डाग आता मोजत नाही. अजूनही कोणी मुलांसाठी म्हणून हसण्याचा एखादा सिनेमा काढलाच, तर एवढी विनंती आहे, की डब्यावर वय लिहू नका. मी चेहरे पाहिलेत. वय ओळखू येत नव्हतं. अर्थात उजेडही कमी होता.

तर तंबूतली गोष्ट. साल २००३ असावं. नाटकाच्या मध्यंतरात माझ्या आतल्या बाजूला टेकून एक म्हातारा बसला होता. मांडीला मांडी लावून नऊ-दहा वर्षांचा पोरगा. आवाजावरून ओळखलं, इस्तारी. शेजारच्याला सांगत होता. गावात पार्ट्या अजून दोनच आहेत. सिनेमानं काही सुधारलं नाही. त्याचं जाळं बापूजींनी एक पावसाळा बंद ठेवलं, मग त्यांचीच दाढ दुखायला लागली आणि त्यांनी याला बोलावणं धाडलं. दोन्ही टोल्यांत जाणारा माणूस म्हणून हा मागच्या साली ग्रामपंचायतीला उभा राहिला. वरचे म्हणाले हा खालचा, खालचे म्हणाले हा वरचा.

"किती मतं पडले गा?"

"दोन."

शेजारी हसला. इस्तारीही हसला. "एक माह्यं. दुसरं कोनाचं, अजून पत्ता नाई."

त्याच वेळी माझ्या बाहेरच्या बाजूला एक बाई शेंगदाण्यांचा पुडा बांधून घेत होती. आतलं बोलणं तिला माझ्यातून ऐकू गेलं असावं. बरोबरच्या बाईला ती हळूच म्हणाली, "मीनं देल्लं. आमच्या घरी सांगू नोको."

मी वाऱ्याच्या निमित्तानं जरा हललो आणि तिचा चेहरा नीट पाहून घेतला. दुसरं मत वच्छलेचं होतं.