रापणीचा वाटा

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात पसरलेलं मोठं जाळं, ओढताना जो दोराला हात लावील त्याला वाटा, हे सत्यवतीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. परकरात होती तेव्हापासून ती आजीच्या मागे उभी राहून दोर ओढायची आणि ओंजळभर बांगडे घेऊन घरी पळायची. त्या वेळी परगावचा पाहुणासुद्धा रिकाम्या हाताने परत जात नसे. तळहाताला वळ उठले की झालं.

म्हणूनच सोमवारी नव्या रिसॉर्टसमोर दत्ताराम तांडेलाची रापण दिसली, तशी ती सवयीने दोराला लागली. जाळं वाळूवर आल्यावर तिने पाच बांगडे उचलले, माडाच्या हिरात, झावळीच्या काडीत, ओवले आणि चालू लागली. ही रापण रिसॉर्टने पैसे मोजून पाहुण्यांना दाखवायला लावली होती आणि मासळीही रिसॉर्टचीच ठरली होती, हे तिच्या गावीही नव्हतं. दत्तारामला ठाऊक होतं. तो मान खाली घालून जाळं झाडत राहिला.

मंगळवारी रिसॉर्टच्या मॅनेजरने तिला बोलावून इंग्रजी कागद पुढे केला.

"आजी, पुन्हा असं करणार नाही, एवढंच लिहिलंय. सही करा. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल."

"घरी वाचून घेते," म्हणून तिने कागद आणला. नात अनुजा कॉलेजात शिकत होती. तिने तो दोनदा वाचला.

"काय लिवलाहा गो?"

"तुका पोचर म्हटल्यान, आजये. म्हंजे दुसऱ्याच्या हद्दीतलो ससो नायतर मासो चोरून नेणारो."

सत्यवतीचा हात विळीवरच थांबला. बाहत्तर वर्षांत तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

"खंयसून इलो हो शब्द?"

अनुजाने मोबाईलवर शोधलं. "जुन्या फ्रेंचमधसून. पिशयेत कोंबणारो, असो बहुतेक अर्थ. थंयचे सरदार रान आपला म्हणत. मगे गरिबान ससो धरलो काय तो पोचर."

"आणि सरदार येवच्या आदी ससो कोण धरी?"

"तोच गरीब."

"बघ! आणि माझ्याकडे पिशवी खंय होती? हिरात ओवून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत इलंय. ढोल तेवढो वाजवक नाय!"

बुधवारी तिने कागद सही न करताच परत नेला. "साहेब, सही होणार नाही. पोलीस बोलवा. तोवर मी दोरावर आहे."

मॅनेजरने कागद खिशात कोंबला आणि तिच्या मागोमाग किनाऱ्यावर आला. तिथे पुन्हा रापण लागली होती. पाहुण्यांनी दोर ओढत फोटो काढले, हात चुरचुरल्यावर तो सोडला. जाळं भरलेलं होतं. ते मागे समुद्रात सरकू लागलं.

"हात लावा रे!" दत्ताराम ओरडला.

वाडीतल्या बाया सुरूच्या झाडांखाली उभ्या होत्या. त्या मॅनेजरकडे बघत राहिल्या. सत्यवती टाचा रोवून एकटीच दोर धरून होती.

"बघतास काय? चोर व्हयचा तर सगळ्यांनी होवया!"

बाया धावल्या. शेवटी जाळं हातचं जाताना पाहून मॅनेजरही बुटांसकट पाण्यात उतरला आणि त्याने दोराचं शेपूट धरलं.

मासळी वाळूवर आली. दत्तारामने पहिला ढीग लावला आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा पुकारा केला, "सत्यवतीचो वाटो!"

तिने त्यातले दोन बांगडे उचलले. मॅनेजर आपले लाल तळहात बघत उभा होता. तिने त्याच्या खिशातून डोकावणारा कागद काढला, वाळूवर पसरला आणि बांगडे त्यावर ठेवले.

"साहेब, हो तुमचो वाटो. पिशवी आसा मां?"