छातीचा दिवस

मी एक जुने, बुटके लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, माझ्यावर रोगी बसत नाही, डॉक्टर बसतो. सुताराने मला मुद्दाम इतके बुटके केले, कारण आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना रोग्याचे पाऊल स्वतःच्या मांडीवर घेऊन पाहायचे असे. साखरेच्या आजारात पाऊल बधिर होते. जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून नुसते विचारून काही कळत नाही. मोजा आपल्या हाताने काढावा लागतो. बाईंनी अशी कितीतरी पावले वाचवली. लोक त्यांचे नाव घेत, आणि मला वाटे, त्यात थोडे माझेही आहे.

पुढे वैद्यकीय कॉलेजची मुले शिकायला येऊ लागली. हुशार होती, पण खाली बसणे त्यांना जमेना. "पँट मळते," एक म्हणाला. मग माझ्यावर त्यांच्या बॅगा आल्या.

एकदा कोपऱ्यावरचे शिंपीकाका काकूंना घेऊन आले. काकांची साखर जुनी. पायाने मशीन चालवून त्यांनी संसार उभा केला होता. त्यांच्या हृदयात एक वेगळा आवाज होता, आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात. मुले एकामागून एक छातीला नळी लावू लागली.

"ऐका, फुकटचं गाणं आहे," काका म्हणाले.

काकूंना मात्र चैन नव्हते. "बाळा, यांच्या उजव्या पायाचा मोजा काढून बघ ना. रोज धुते, तरी वास जात नाही. मला हात लावू देत नाहीत."

"काही झालेलं नाही. हिचं आपलं काहीतरीच," काका म्हणाले. "दुखतसुद्धा नाही."

मुलाने भिंतीवरचे वेळापत्रक पाहिले. "काकू, आज आमचा छातीचा दिवस आहे. पायांचा पुढच्या सोमवारी. तेव्हा आणा यांना."

बाई आतल्या खोलीत दुसऱ्या रोग्यापाशी होत्या. काका-काकू गेल्यावर त्या बाहेर आल्या.

"पाय पाहिलेत?"

"हो मॅडम. नॉर्मल."

बाईंनी मान डोलावली. मी बॅगांखाली दबलेले होते. शिवाय मला तोंड नाही.

पायांच्या दिवशी मुलांनी मला पुसून मधोमध मांडले. काका आले नाहीत. आदल्या दिवशी मोठ्या इस्पितळात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला होता.

बऱ्याच महिन्यांनी काकू एकट्याच औषधे न्यायला आल्या.

"काका काय करतात?" बाईंनी खाली बघत विचारले.

"बसून असतात. मशीनवर चादर टाकलीय मी. दिसली की चिडतात." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "तो छातीचा दिवस म्हणाला होता, तो मुलगा पास झाला का हो?"

"झाला."

"बरं झालं. त्याचं तरी वर्ष वाया गेलं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी 'मला जपा' म्हणायचे असते. मला जपू नका. माझा पाय मोडला तर सुतार दुसरा बसवून देईल. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालात, तर आधी खाली बसा आणि मोजा काढा. वार कोणता आहे, ते नंतर पाहा.