शनिवारचा तिसरा हिस्सा

नळवाल्याने चाळीस वर्षं लोकांचं घाण पाणी त्यांच्या डोळ्यांआड करून पोट भरलं, आणि त्याच्या बायकोने तेच पाणी घरामागे आणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. तीन हौद. मोरीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी आधी पहिल्या हौदात पडायचं. तिथे खरकटं खाली बसायचं आणि तेलाचा तवंग अडायचा. दुसऱ्यात जलपर्णी तरंगायची, फुगीर देठांची, खाली दाढीसारखी मुळं सोडलेली. तिसऱ्यात टिकलीएवढ्या पानांची हिरवी साय. तिथून नितळ पाणी एका तोटीतून भाजीच्या वाफ्यांत जायचं.

"नळवाल्याच्याच घरी गटार उघडं," असं लोक म्हणायचे.

"गटार नाही, खानावळ आहे," ती म्हणायची. "माझी झाडं घाण खातात. तुमच्या घरात कोण खातं?"

तिला जाऊन सात महिने झाले होते. तिचे कपडे वाटून झाले, चपला गेल्या, औषधांच्या बाटल्याही गेल्या. हौद राहिले. पण गेले दोन महिने त्यांना वास मारत होता.

शेजारी चष्मेवाला राहायचा. धंदा डोळ्यांचा, पण माणसाची सगळी हुशारी नाकात. त्याने पालिकेकडे तक्रार केली आणि नळवाल्याच्या हातात चिठ्ठी पडली. मंगळवारी तपासणी. तोटीचं पाणी गढूळ किंवा घाण वासाचं निघालं, तर हौद बुजवायचे आणि सांडपाण्याची लाइन गटाराला जोडायची.

नळवाल्याने चिठ्ठी तीनदा वाचली. मग हत्यारांची पेटी काढली.

रस्त्याच्या लाइनीतून त्याने एक बारीक पाइप जमिनीखालून आणला आणि तोटीला मागून जोडला. तिसऱ्या हौदाचं तोटीकडचं तोंड आतून चिंधीने बंद केलं. कॉक ठेवला लाकडी बाकाखाली, असा की बाकावर बसून टाच मागे दाबून धरली, तोवर उघडा राहावा. वर माती सारखी केली. दोन गल्ल्या पलीकडून मेहुणी डबा घेऊन आली, तेव्हा तो बाकावर बसून टाच पुढे-मागे करत होता.

"भावोजी, पायाला मुंग्या आल्या का?"

त्याने कॉक उघडून दाखवला. तोटीतून काचेसारखं पाणी पडलं. मेहुणीने डबा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसली. मग एकदम थांबली.

"ताई असती तर कान उपटले असते तुमचे."

"ती असती तर हे करावं लागलं नसतं."

"मग ती करायची ते करा ना! दर शनिवारी झाडांचा तिसरा हिस्सा काढून टाकायची ती. तुम्ही एक पान तरी उचललंत का?"

नळवाल्याने टाच कॉकवरून काढली. उचललं नव्हतं. तिने लावलेलं उपटायला हात धजत नव्हता, पण हे मेहुणीला कोण सांगणार?

मंगळवारी दहा वाजता तपासनीस बाई आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या. चष्मेवाला भिंतीपलीकडे खुर्चीवर उभा राहून बघत होता. त्याने नाकाला रुमाल लावला होता, पण कान मोकळे ठेवले होते.

"आमचं पाणी बघा तरी एकदा," मेहुणी मोठ्याने म्हणाली. हा इशारा ठरलेला होता. नळवाल्याने टाच मागे नेली.

बाईंनी बाटली भरली, उजेडात धरली, वास घेतला.

"छान आहे हो. अगदी नळाचं असावं तसं."

नळवाल्याने टाच आणखी दाबली. "झाडांची कमाल," तो म्हणाला.

"झाडंच ती." बाई बाकावर त्याच्या शेजारी ऐसपैस बसल्या. "चहा मिळेल का? मला काही घाई नाही."

मेहुणीने चहा केला. बाईंनी तो फुंकून फुंकून प्यायला. नळवाल्याचा गुडघा किती वर्षांपासून दुखतो ते विचारलं. मग त्यांना आणखी अर्धा कप हवा झाला. टाच आखडत चालली तसा नळवाला घामाघूम झाला. कॉक बंद करावा, तर पाणी थांबणार. बाई मधूनच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

बरोबर अकरा वाजता तोटी खोकली. एक फर्र, मग दुसरा फर्र. तिला उचकी लागली आणि पाणी बंद झालं.

भिंतीपलीकडे रुमाल खाली आला.

"या भागात पाणी अकराला जातं," बाई शांतपणे म्हणाल्या. "वेळापत्रक माझ्याच टेबलावरून निघतं. तुमच्या झाडांनाही ते लागू आहे, हे मला माहीत नव्हतं."

चाळीस वर्षं नळ जोडणाऱ्या माणसाला पाणी किती वाजता जातं याचा विसर पडला होता. छतावरच्या टाकीवरून पाइप घेतला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. नळवाल्याने मान खाली घातली.

"उचकी लागली," मेहुणी हळूच म्हणाली. "ताईनेच आठवण काढली असणार."

बाईंनी बाही वर करून दुसऱ्या हौदात हात घातला आणि एक जलपर्णी उपटली. वर हिरवीगार. खाली काळा चिखल झालेली पानं लोंबत होती. असा वास सुटला की चष्मेवाला खुर्चीवरून उतरलाच.

"ही घाण खातात ते खरं," बाई म्हणाल्या. "पण वेळेवर काढली नाहीत तर तिथेच मरतात, आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत ओकतात. का काढली नाहीत?"

"तिने लावलेली आहेत," नळवाला म्हणाला.

मेहुणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भावोजी, ही पंधरा दिवसांत दुप्पट होतात. ताईने लावलेलं एकही झाड त्यात नाही. ते तिने स्वतःच पहिल्या महिन्यात उपटून खताच्या खड्ड्यात टाकलं! तुम्ही कुणाच्या पणतवंडांना कवटाळून बसलाय?"

मग नळवाल्याला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलवून. डोळे पुसत तो हसत राहिला, आणि पुसणं हसण्यापेक्षा बराच वेळ चाललं.

बाईंनी कागदावर लिहिलं, 'तीन आठवड्यांनी पुन्हा बघणे.' जाताना म्हणाल्या, "तो पाइप काढा. आणि मी येणार अकरानंतरच."

त्या शनिवारी पाइप आणि चिंधी काढून नळवाला हौदाशेजारच्या बायकोच्या स्टुलावर बसला. पहिलं रोप त्याने दोन्ही हातांनी अलगद काढलं. दहावं एका हाताने. विसाव्याला तो "बस झालं तुझं जेवण, ऊठ," असं म्हणत होता. मेलेलं सगळं काढलं, तळाचा गाळ काढला, मग जिवंत रोपांतला तिसरा हिस्सा. सगळं खड्ड्यात टाकून वर माती ओढली. पुढचे दोन शनिवारही तेच केलं.

तीन आठवड्यांनी बाई सव्वाअकराला आल्या. त्यांनी आधी नळवाल्याला बाकावरून उठवलं, बाक हलवायला लावला, खाली वाकून बघितलं. मग तोटीखाली बाटली धरली. पाणी बारीक धारेने, सावकाश आलं. किंचित पिवळसर होतं. वास मातीचा होता.

"हे खरं पाणी," बाई म्हणाल्या आणि सही केली.

संध्याकाळी चष्मेवाला भिंतीवरून डोकावला. वास गेला होता, त्यामुळे त्याला बोलायला काही उरलं नव्हतं.

"जांभळं फूल चांगलं येतं म्हणे याला," तो म्हणाला. "माझ्या अंगणातल्या कारंज्यात एखादं शोभेल."

नळवाल्याने सगळ्यात धडधाकट रोप निवडलं आणि बादलीत घालून त्याच्या हातात दिलं.

"काही करावं लागतं का याचं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"छे!" नळवाला म्हणाला. "नुसतं ठेवा. आपोआप वाढतं."

मग घरात जाऊन त्याने आणखी एक स्टूल आणलं आणि तिच्या स्टुलाशेजारी ठेवलं. पंधरा दिवसांत दुप्पट या हिशोबाने पाहता, चष्मेवाला कुठल्या ना कुठल्या शनिवारी विचारायला येणारच होता.