‘मूळ’च्या रकान्यातली खूण

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, असं माझी धाकटी बहीण माझ्या या उद्योगाला म्हणते. शहराच्या वारसा समितीवर मी बारा वर्षं बिनपगारी आहे. जुन्या इमारतींच्या याद्या करायच्या, कुणी खिडकी बदलतो म्हटलं की नाही म्हणायचं. नाही म्हणायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

त्या सोमवारी मात्र अर्जदाराच्या खुर्चीत धाकटीच बसली होती. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. दुकान खाली, घर वर. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते वरच आहेत. खाली दुकानाचं दार वाजलं की अजूनही उठायला बघतात. लिफ्ट बसवायची तर जागा एकच, जिन्याची. जिना मग परसात न्यायचा. पण जिना समितीच्या यादीत. आज नकार आला तर पुन्हा अर्ज दोन वर्षांनी.

बहिणीचं प्रकरण म्हणून मला मत नव्हतं. भिंतीलगत नुसतं बसायचं होतं.

अध्यक्ष निवृत्त वास्तुरचनाकार. माणूस सज्जन, पण जुन्या लाकडापुढे विरघळतो. त्यांनी फाइल उघडली. ‘‘जिना मूळ बांधकामातला. दीडशे वर्षांचा. पाहणी कुणाची?’’ कागद उलटून ते माझ्याकडे बघून हसले. ‘‘मग तर शंकाच नको.’’

मी त्या कागदाकडे बघायचं टाळलं.

पाहणीच्या कागदावर दोन रकाने असतात, ‘मूळ’ आणि ‘नंतरचे’. ‘मूळ’ असेल ते हलवता येत नाही. ‘मूळ’मध्ये खूण मीच केली होती. आणि तो जिना आमच्या बाबांच्या हातचा होता. ते घर वाळवीने पोखरलेलं, म्हणून तर बाबांसारख्या सुताराला परवडलं. कुजलेल्या जिन्याचा एकेक तुकडा मापून बाबांनी तस्सा नवा केला. मी नऊ वर्षांची, मापपट्टीचं दुसरं टोक धरून उभी. आयुष्यभर लोकांनी बाबांना मागच्या दाराने आत घेतलं. दहा वर्षांपूर्वी, पाहणीच्या दिवशी, हेच अध्यक्ष कठड्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘‘असे कारागीर आता होणे नाही.’’ माझा ऊर भरून आला. खरं सांगितलं असतं तर जिना ‘नंतरचा’ ठरला असता आणि त्यांनी लगेच हात काढून घेतला असता. मी गप्प बसले आणि खूण केली.

‘‘तुम्हाला काही सांगायचंय?’’ अध्यक्षांनी धाकटीला विचारलं.

‘‘माझा माणूस खाली उतरला पाहिजे,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरं काही नाही.’’

पाच जणांचं मत. नकाराला दोन हात वर गेले. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे तिसरा हात त्यांचा येणार. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, ते मला कळत होतं.

‘‘थांबा,’’ मी म्हटलं. ‘‘ती खूण खोटी आहे. मी केलेली. जिना आमच्या बाबांनी केलाय, एकावन्न वर्षांपूर्वी.’’

अध्यक्षांचा चेहरा पडला. ‘‘तुम्ही? अहो, तुम्ही तर लोकांकडे बिजागरीचासुद्धा दाखला मागता.’’

त्यांनी मतदान तासभर थांबवलं आणि पुरावा मागितला. बरोबरच होतं. आता माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

बाबा आपल्या कामाच्या पोटाला साल घालत, एवढं मला आठवत होतं. थोड्याच वेळात आम्ही तिघं धाकटीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात ओणवे झालो. अध्यक्षांनी टॉर्च मारला. तिसऱ्या पायरीच्या पोटाला बाबांची पेन्सिल होती. साल, आणि खाली तीन शब्द. ‘मूळ पाहून केला.’

बाबांनी काही लपवलंच नव्हतं. तीनातले दोन शब्द मी गिळले होते.

अध्यक्षांनी कागद गुडघ्यावर धरून खूण खोडली, ‘नंतरचे’मध्ये केली आणि शेजारी माझी सही घेतली. राजीनामा त्यांनी मागितला नाही, मीच दिला. ‘‘परवानगी मिळेल,’’ एवढं धाकटीला सांगून ते निघाले.

धाकटी फडताळ लावत म्हणाली, ‘‘लहानपणी इथेच लपायचे मी. पाठ आहेत मला ते तीन शब्द.’’

‘‘मग तोंड का नाही उघडलंस, बये?’’

‘‘सगळ्यांसमोर तुला खोटं पाडू?’’ ती म्हणाली. ‘‘तू सांगशील म्हणून थांबले होते, ताई. आठ महिने.’’

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वर मेहुण्यांनी काठी आपटली, खाली कोण आलंय म्हणून.

‘‘बाबांची पटाशी कुठाय?’’ मी विचारलं. ‘‘माणसं कामाला येतील तेव्हा पहिली पायरी मी काढणार.’’

‘‘आधी वर चल,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना तूच सांग.’’