पडलेला मशालजी

मित्रांनो, मी एक जुना मशालजी आहे. कथलाचा, तुमच्या अंगठ्याएवढा. माझ्या मशालीचे टोक थोडे वाकले आहे आणि डाव्या गालावरचा रंग उडाला आहे. मी स्वभावाने भित्रा आहे, हे आधीच कबूल करतो. पण माझी हकीकत ऐकलीत तर तुम्ही मला हसणार नाही.

माझ्या अंगातले कथील माझ्याआधी दोनदा दुसरेच काहीतरी होते. आमचा कारागीर एरवी दातांच्या कवळ्या बनवतो. मेणात दाढा कोरून त्याचा हात इतका बसला आहे, की नखाएवढ्या चेहऱ्यावरही तो भुवया उमटवतो. सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत तो अद्भुत खेळांच्या सोंगट्या ओततो. त्याचा पहिला खेळ उडत्या घोड्यांचा होता. त्याचे नियम समजेपर्यंत पाहुणे घड्याळाकडे बघू लागायचे. ते घोडे वितळले. दुसऱ्या खेळात जलपऱ्या होत्या, इतक्या नाजूक की लोक हात मागे घ्यायचे. "मोडलीबिडली तर?" म्हणून लांबूनच वाहवा करायचे. वाहवा पुष्कळ झाली, पण पुन्हा खेळायला कोणी आले नाही. त्याही वितळल्या. तेच कथील साच्यात ओतले आणि मी झालो. म्हणून कथील ओतायची पळी नुसती दिसली तरी मला ते घोडे आणि त्या जलपऱ्या आठवतात.

आमच्या तिसऱ्या खेळात आम्ही सहा प्रवासी होतो. धुक्याने भरलेली दलदल ओलांडून पुलापर्यंत पोचायचे, आणि वाटेत चिखलातून राक्षस उठायचे. इतरांकडे तलवारी होत्या, धनुष्ये होती. माझ्याकडे नुसती मशाल. तिच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढेच बाकीच्यांना दिसायचे, त्यामुळे राक्षस आधी माझ्यावरच तुटून पडायचे. फासा वाईट पडला की मी आडवा, आणि आडवा झालो की कारागीर मला दोन बोटांत धरून डब्यात टाकायचा. उरलेला खेळ मी झाकणाखालच्या अंधारात नुसता ऐकायचो. ऐकण्यासारखे फारसे काही नसायचे. मशाल गेली की बाकीचेही पटापट पडायचे, आणि पाहुणे "छान आहे हं" म्हणून चपला शोधायचे. ते शब्द ऐकले की कारागिराचा चेहरा उतरायचा.

आम्हाला रंग द्यायची ती त्याची थोरली बहीण. ती वाचनालयात काम करते. बोलायला फटकळ, पण हातात ब्रश असला की श्वाससुद्धा जपून घेते. एका सकाळी माझी मशाल रंगवता रंगवता ती म्हणाली, "तू शेजारी उभा राहून सगळं समजावतोस ना, म्हणून खेळ कसा आहे ते कळतच नाही. खोक्याबरोबर तू थोडाच जाणार आहेस लोकांच्या घरी?"

"नियम लिहिलेत की, ताई. आठ पानं."

"मग त्या पानांनाच बोलू दे. रविवारी मी चौघांना बोलावते, तुला न ओळखणाऱ्यांना. तू स्वयंपाकघरात बसायचं. त्यांनी आपणहून दुसरा डाव मागितला तर पुढे जाऊ. नाहीतर थांबव बाबा हे. सात वर्षं झाली, आरशात बघतोस का कधी?"

तो आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि यांचं काय?"

"वितळव, आणि कथील देऊन टाक कुणाला तरी."

मित्रांनो, मी तिथेच उभा होतो. मशालीवरचा पिवळा रंग अजून ओला होता. रविवार येईपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक.

रविवारी चौघेजण आले. एक नर्स, तिच्या सासूबाई आणि पेट्रोल पंपावर काम करणारे दोघे मित्र. ताईने आठ पाने त्यांच्या हातात दिली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. स्वयंपाकघराच्या अर्धवट उघड्या दारातून कारागिराच्या पायाचा अंगठा तेवढा दिसत होता. तो सारखा हलत होता.

सासू-सुनेने आम्हा प्रवाशांची बाजू घेतली, मित्रांनी राक्षसांची. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीला फासा उलटा पडला आणि मी आडवा झालो. आता बोटे येणार, मग डबा. पण कोणीच आले नाही.

"आता याचं काय करायचं?" नर्स पाने उलटू लागली. "इथे एवढंच आहे, पडलेल्याला हलता येत नाही."

पडलेल्याला डब्यात ठेवावे, हे कारागीर लिहायलाच विसरला होता! हाताने ते इतक्या वेळा केले होते, की लिहावे लागेल हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले. "मग त्याला घेऊन चला की. असं चिखलात टाकून कसं जायचं?"

"आई, पूल तिकडे आहे. मागे फिरलो तर राक्षस गाठतील."

"गाठू देत. त्याच्या उजेडावरच इथवर आलो ना?"

पंपावरचा एकजण हसला. "या काकू, मागे या. पण उचलून न्यायचं तर निम्मंच चालायचं. ओझं असतं."

"कबूल," सासूबाई म्हणाल्या.

आमच्यातली तलवारवाली प्रवासी मागे वळली. माझ्यासाठी कोणी मागे वळण्याची ती पहिलीच वेळ होती. तिच्या पायाशी टेकवून त्यांनी मला न्यायला सुरुवात केली, आणि राक्षस दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागले. प्रत्येक फाशाला चौघेही खुर्चीतून उठायला लागले. आवाज इतका चढला, की भांडण लागले असे वाटून कारागीर धावत बाहेर आला. त्याने मला टेबलावर आडवे पाहिले आणि बोट वर केले.

"अहो, तो पडला की त्याला—"

त्याने वाक्य पुरे केले असते तर मी डब्यात गेलो असतो, आणि डब्यातून कुठे, ते सांगायला नको.

"चहा उतू जातोय, बघ जा," ताई म्हणाली.

चहा कोणी ठेवलाच नव्हता. कारागिराने ताईकडे पाहिले, मग त्या चौघांच्या चेहऱ्यांकडे. त्याचे बोट हळूहळू खाली आले. तो तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

पुलाला दोन पावले उरली असताना राक्षसांनी आम्हाला गाठले. आम्ही हरलो. सासूबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि मला वाटले, आता चपला शोधतील.

चष्मा परत चढवून त्या म्हणाल्या, "मांडा परत. या खेपेला मी याला एकट्याला सोडणार नाही."

कारागीर स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याशी उभा राहून रडला. मग डोळे पुसून त्याने नववे पान लिहायला घेतले. त्यावर पडलेल्याला कसे उचलून न्यावे, एवढेच होते.

मित्रांनो, आज माझ्यासारखे शेकडो मशालजी घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी साचा करताना मलाच तापल्या रबरात दाबले होते, तेव्हाही मी घाबरलोच होतो. हा खेळ कशामुळे चालला असे लोक कारागिराला विचारतात. तो नियमांविषयी, रंगाविषयी बोलतो, आणि ते खोटे नाही. मला मात्र त्या सासूबाईच आठवतात.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊ असेल तर त्याला मशालीला धरून उचलू नका, टोक वाकते. खेळ झाल्यावर त्याची धूळ पुसा. आणि खेळताना तो आडवा पडला, तर पुलाकडे निघण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. कोणी मागे वळते आहे का, एवढेच आम्ही पडल्या जागेवरून बघत असतो.