गार हातांची सुशी

मला मासे शिकवायला निघाले होते! देवगडच्या बंदरावर जिचं बालपण गेलं, आठव्या वर्षी जिला नुसते कल्ले उघडून सुरमई कालची की आजची ते कळत होतं, तिला इथं शारजाशेजारच्या देऱ्याच्या मासळी बाजारात ‘टूर’ देणार आणि वर सुशी करायला शिकवणार. दोघींचे मिळून सातशे दिरहम, म्हणजे झाले सोळा-सतरा हजार रुपये. तेवढ्यात माझ्या भावाच्या घरी महिनाभर पापलेट शिजलं असतं. पण मी पैसे भरले. अस्मीनं तीन महिन्यांत स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

अस्मी माझी मुलगी. सोळा वर्षांची, जन्मापासून शारजातली. मार्चपासून तिनं जेवण सोडलंय. म्हणजे ताटावर बसते, चपातीचे तुकडे करते, इकडचे तिकडे सरकवते आणि म्हणते, “आई, आय ॲम डन.” आधी मला वाटलं, डाएटचं खूळ. मग वाटलं, परीक्षेचं टेन्शन. मग एक दिवस तिच्या कपाटामागे झाडू घातला तर टिश्यूच्या पुरचुंड्या बाहेर आल्या. सतरा-अठरा असतील. कशात चपाती, कशात भात, कशात तळलेली तुकडी. सगळं माझ्या हातचं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या दिवशी तिला इतकं बोलले, इतकं बोलले की शेजारच्या माहनूरनं येऊन बेल वाजवली. तेव्हापासून मी रोज कचऱ्याचा डबा उपसते, तिच्या दप्तरात, खिशात हात घालते. अशी आई व्हायची मला काही हौस नव्हती.

डॉक्टर शहनाझ म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नाही. मी मान हलवली, पण मनातून नाही पटलं. अहो, आजारात माणूस खायला बघतं आणि उलटतं. ही तर तोंडच मिटून बसते. मनात आणलं तर एक घास जाणार नाही? गेल्या सोमवारी शहनाझबाईंनी स्पष्टच सांगितलं: पुढच्या सोमवारी वजनाचा काटा आणखी खाली गेला तर हॉस्पिटलमध्ये ठेवायचं, वेळ पडली तर नाकातून नळी घालायची. “और बीच में कभी भी लगे कि नहीं सँभल रहा, तो सोमवार का इंतज़ार मत कीजिए, सीधे फोन,” असंही म्हणाल्या. नळी! माझ्या मुलीला? निनाद, माझा नवरा, रुवैसला साइटवर असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याला मी फोनवर ‘सुधारतेय’ सांगत होते. देवगडला तर थायरॉईड सांगून ठेवलाय. सोमवारच्या आत काहीतरी तिच्या पोटात जायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

आणि अस्मीनं मोबाइलवर हा क्लास दाखवला. “आय वॉन्ट टू मेक इट,” म्हणाली. करायची आहे म्हणाली. खायची आहे असं म्हणालीच नव्हती, पण माझ्या कानांनी आपल्याला हवं तेच ऐकलं. शहनाझबाई म्हणाल्या, जरूर जा. फक्त त्या दिवशी ‘खा’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

शनिवारी सकाळी सातला बाजाराच्या दारात उभ्या राहिलो. जपानी मास्तर शोधतेय, तर पुढे आला जमाल. कालिकतचा! पांढरा कोट, कपाळाला फडकं. मी अस्मीकडे बघितलं, ह्याच्यासाठी सातशे? त्याला माझा चेहरा वाचता आला असावा.

“दीदी, ग्यारह साल ओसाका में,” तो हसून म्हणाला. “मछली आपको अल्लाह ने दी, काटना मुझे जापान ने सिखाया.”

चालता चालता तो ओसाकाचा बाजार सांगत होता. पहाटे जमिनीवर ट्यूना ओळीनं मांडतात, शेपटीजवळ एक चकती कापलेली असते. गिऱ्हाईक टॉर्च मारून आतला रंग बघतं, चिमूटभर मांस बोटांत चोळून चरबी बघतं. लिलाव पुकारणारा ओरडतो तेवढाच. घेणारा बोट वर करतो आणि गप्प राहतो.

“गप्प? मासळी बाजारात?” मी म्हणाले. “आमच्याकडे गप्प बसणाऱ्याच्या पिशवीत शिळं टाकतात.”

आणि ते सिद्ध करायला मी पुढच्याच ठेल्यावर एका सुरमईचा कल्ला उचकटला. “भाईसाब, ये तो परसों का है!” विकणारा भडकला, मी त्याहून भडकले, जमाल मध्ये पडला. “यल्ला, दीदी, यल्ला,” म्हणत त्यानं मला पुढे चालायला लावलं.

“आई, प्लीज. यू आर सो एम्बॅरॅसिंग,” अस्मी पुटपुटली. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि ही बाजाराच्या एसीत दोन स्वेटर घालून. बर्फावरच्या ओमानी ट्यूनावर तिनं तळवा ठेवला होता. मनगट एवढंसं झालंय की घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. ‘खा गं’ अगदी ओठांवर आलं. पण शहनाझबाईंना शब्द दिला होता, म्हणून मी बोंबलांकडे बघत राहिले.

जमालनं बजावलं की हे बर्फावरचं कुठलंही उचलून कच्चं खायचं नसतं. कच्च्यासाठीचा मासा वेगळा येतो, अतिथंड गोठवलेला, आणि तो त्याच्या किचनमध्ये ठेवला होता. किचन बाजाराला लागूनच, वरच्या मजल्यावर. एक लांब लाकडी काउंटर, समोर स्टुलं, खिडकीतून खाली होड्या. आमच्याशिवाय एक फिलिपिनो जोडपं होतं, ते आपल्यातच गुंग.

आधी भात. गरम भातावर व्हिनेगर, साखर, मीठ, आणि वरून पंख्यानं वारा. बाळंतिणीसारखे लाड! मग त्यानं प्रत्येकीपुढे ट्यूनाचा एकेक लालभडक ठोकळा ठेवला, सुरी दिली आणि म्हणाला, पातळ, तिरके, एका ओढीत कापा. मी कापले. चांगले कापले. आणि मग माझ्या हातांनी तेच केलं जे ते चाळीस वर्षं करत आलेत. काप उचलले, सिंककडे गेले, मूठभर मीठ चोळलं आणि नळाखाली धरले. एक पाणी, दुसरं पाणी...

“दीदी! पानी नहीं! पानी नहीं!” जमाल ओरडत आला. माझ्या ओंजळीत पांढरट, लिबलिबीत काहीतरी उरलं होतं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “खलास!”

“न धुता मासा?” मी म्हणाले. “शी! माझ्या आईनं घरात घेतलं नसतं मला.”

आणि अस्मी हसली. तोंडावर हात ठेवून, डोळे मिटून, खांदे हलवत हसली. मार्चपासून मी हे ऐकलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी बाजारातला सगळा ट्यूना धुऊन काढला असता.

मग मुटके वळायचे होते. डाव्या हातात माशाचा काप, उजव्या हातात भाताचा लहानसा मुटका, दोन बोटांनी दाब, फिरव, पुन्हा दाब. माझे मुटके गणपतीच्या मोदकांएवढे झाले. अस्मीचे सगळे एकसारखे. जमाल तिच्यापाशी थांबला, तिची बोटं हातात घेऊन बघितली आणि चक्क खूश झाला.

“क्या हाथ हैं! ठंडे, एकदम ठंडे,” तो मला म्हणाला. “गरम हाथ मछली को खराब करता है, दीदी. हम लोग बर्फ के पानी में डुबोते हैं. इसको तो ज़रूरत ही नहीं. ये बनेगी शेफ.”

अस्मी लाजली. मी काउंटरची कड धरली. ते हात का गार आहेत हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? शहनाझबाईंनी मला तिची निळसर नखं दाखवून सांगितलं होतं, शरीर आता हातापायांपर्यंत ऊब पोचवत नाहीये. आणि हा त्याचं कौतुक करत होता. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. तिथंच भोकाड पसरावंसं वाटलं.

“अब देने का टाइम,” जमाल म्हणाला. “जो बनाता है, वो सामनेवाले के हाथ में देता है. और सामनेवाला उसी वक्त खाता है. रखता नहीं.”

अस्मी काउंटरच्या पलीकडे उभी राहिली. तिनं एक मुटका वळला, सोया लावला आणि हात पुढे केला. “आई, फॉर यू.”

मी घेतला, तोंडात टाकला. आणि बाई गं, काय सांगू! थंड, मऊ, जिवंत असल्यासारखं काहीतरी जिभेवर पडलं. मी चावलं. घसा मिटला. अक्षरशः कुणी आतून दार लावून घ्यावं तसा मिटला. मासे खाणारी बाई मी, माशाचं डोकं चोखून खाणारी, आणि तो एवढासा घास खाली उतरेना. मुलगी समोरून बघतेय. तिनं केलेला. तिनं, आपण होऊन, कुणालातरी खायला दिलेला! गिळ, मी स्वतःला म्हटलं, गिळ की गं भवाने. डोळ्यांत पाणी आलं, पोटातून उमळून आलं. जोडपं फोटो काढत होतं, जमाल पाठमोरा होता. मी खोकल्याचं निमित्त केलं, टिश्यू तोंडाशी धरला, घास त्यात काढला, पुरचुंडी केली आणि पर्समध्ये टाकली. “छान झालाय हं!” असंही म्हणाले.

मान वर केली तर अस्मी माझ्या पर्सकडे बघत होती. ह्या कामात तिच्याहून पटाईत कोण?

मला वाटलं, आता चिडेल. नाहीतर टोमणा मारेल, तिचा हक्कच होता. ती काउंटरला वळसा घालून माझ्याशेजारी येऊन बसली आणि मराठीत बोलली. घरात मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आता ही मराठीत.

“जात नाही ना आत?”

“नाही गं,” मी म्हणाले. “मनात खूप होतं. घसाच मिटला.”

“तसंच होतं,” ती म्हणाली. “रोज.”

एवढंच. मी सगळ्या चपात्या आठवल्या. ताटापुढे बसून ‘मुद्दाम करतेस तू’ म्हणाले होते, ते आठवलं. वाडगा आपटला होता, ते आठवलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

अस्मीनं दोन लहान मुटके वळले. एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. “मी बघत नाही तुझ्याकडे,” ती म्हणाली. “कोणी बघितलं की अजून जात नाही. तू पण नको बघू.” आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी भिंतीकडे वळले. डोळे मिटले, देवगडचं बंदर आठवलं, आईला हाक मारली आणि गिळला. गेला. कसाबसा, पण गेला. मग मी तशीच भिंतीकडे बघत बसले. वळायचं नाही, वळायचं नाही, असं घोकत. किती वेळ ते माहीत नाही. वळले तेव्हा तिच्यापुढची बशी रिकामी होती.

अहाहा! कसं सांगू मला काय झालं ते? पण मी दिलेला शब्द पाळला. जमालला मात्र जाताना असा काही हात जोडून नमस्कार केला की तो गोंधळला. जिना उतरताना मी हिशेब मांडत होते, आज एक, उद्या दोन, सोमवारी काटा जागेवर. नळी नाही. काही नाही. रात्री निनादला खरंच सांगता येईल, सुधारतेय.

गाडीत बसलो. अस्मीनं स्वेटरच्या बाह्या तळव्यांवर ओढल्या आणि डोकं काचेला टेकवलं. गाडी सुरू केली आणि गॉगल काढायला मी पर्समध्ये हात घातला. हाताला पुरचुंडी लागली. माझी. ती बाजूला सारली तर दुसरी लागली.

दोन टिश्यू. शेजारी शेजारी. दुसरीची घडी नीट घातलेली, कपाटामागे सापडल्या होत्या तशी.

मी गाडी बंद केली. तिनं ती खिशात घातली नव्हती. कचऱ्यात टाकली नव्हती, स्टुलाखाली दडवली नव्हती. माझी पर्स उघडून, माझ्या घासाशेजारी, मला सापडेल अशी ठेवली होती.

“ट्राय केला मी,” अस्मी काचेकडे तोंड करूनच म्हणाली. आवाज फुटला होता. “खरंच केला, आई. मला एकटीला नाही जमत.”

“माहितीये गं,” मी म्हणाले. “माहितीये मला.” तिचा हात घेतला, बर्फासारखा गार, आणि माझ्या दोन्ही हातांत धरला. माझे हात गरम आहेत, मासा बिघडवणारे. मग एका हातानं फोन काढला आणि शहनाझबाईंना लावला.

“सोमवारची वाट नाही बघत मी,” मी म्हणाले. बोलायला लागल्यावर कळलं की मी मराठीतच बोलतेय. पुन्हा हिंदीत सांगितलं. “नहीं सँभल रहा, डॉक्टर. अभी लेके आ रही हूँ. ॲडमिट कर लीजिए.”

अस्मीनं हात सोडवून घेतला नाही. मी गाडी तशीच एका हातानं चालवली. घरचा, शारजाचा रस्ता डावीकडे गेला, मी वळले नाही, सरळ हॉस्पिटलकडे निघाले.