मिटलेला डोळा

आमचे बाबा शिंपी. वर्षभर त्यांना सगळं दोन-दोन दिसायचं, म्हणून ते एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचे. आई दवाखान्यात चला म्हणून कानीकपाळी ओरडायची, बाबा चष्मे बदलत राहिले. तिसऱ्या चष्म्यानंतर एमआरआय झाला आणि कवटीच्या तळाशी, डोळा फिरवणाऱ्या नसेवर दाब देत बसलेली दुर्मिळ गाठ सापडली.

डॉक्टरीणबाईंनी ती नाकावाटे काढली. डोक्यावर एकही टाका नाही, हे बाबांच्या शिंपी मनाला अजून पटत नाही. मग किरणोपचार झाले.

आज बाईंनी एमआरआयची जुनी आणि नवी फिल्म शेजारी-शेजारी लावली. नव्या फिल्ममध्ये गाठ नव्हती. बाबा एक डोळा मिटून बघत होते.

"तो डोळा का मिटलाय?" बाईंनी विचारलं.

"सवय," बाबा ओशाळले. "आणि उघडायची धास्तीही."

"उघडा बघू."

बाबांनी डोळा हळूच उघडला, आधी फिल्मकडे आणि मग आईकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, तू एकच दिसतेस की."

आईने डोळे पुसले. "दोन दिसत होते, तेव्हा एकीचं तरी ऐकलंत का?"